आपण तळ्यावर होतो तेव्हा

मार्च लागला की आमच्या घरात माझ्याशी जरा जपून बोलतात. पंखा कितीवर ठेवू, आमटीत गूळ घालू का, असले प्रश्नसुद्धा मला विचारून सोडवले जातात. एरवी मला न विचारता सोसायटीच्या अख्ख्या मीटिंगचा चहा कबूल करून येणारे आमचे 'हे' मार्चमध्ये एकदम सालस होतात. मला ते सालसपण सहन होत नाही. त्यामागे काय आहे ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. मग आम्ही दोघं गॅलरीत उभे राहतो आणि आज किती उकडतंय यावर बोलतो.

उकडतंही खूप. खाडीवरचा वारा दुपारी पडतो, टँकर सोसायटीच्या गेटात उलटा शिरताना बीपबीप करत राहतो, दहावीची पोरं जिन्यात बसून उत्तरं घोकतात. पण मी भाईंदरजवळच्या मुर्धा गावची. मला मार्च कळायचा तो मिठावरून. आमच्या घरामागच्या बांधावर उभं राहिलं की लांबवर मिठाचे वाफे दिसायचे. खाडीचं पाणी आत घ्यायचं, या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवायचं, उन्हात आटवायचं. आधी पाण्यावर नुसती साय धरायची. मग ती जड होऊन तळाशी बसायची, आणि दादा म्हणायचा, "आलं गो मीठ."

दादा माझा थोरला भाऊ. आमचे वडील लवकर गेले म्हणून तो शाळा सोडून मिठागरावर लागला. लांब दांड्याच्या फळीने तो मीठ ओढायचा आणि मी बांधावर बसून पाढे म्हणायचे. मी चुकले की त्याची फळी थांबायची. तो काही बोलायचा नाही, नुसता थांबायचा. मी बरोबर म्हटलं की पुन्हा ओढायला लागायचा. मी शिकले, शाळेत बाई झाले, रत्नागिरीकडच्या नोकरदार माणसाशी लग्न केलं, आधी नवघरला भाड्याने राहिले आणि पुढे इंद्रलोक नावाच्या वस्तीत स्वतःचं घर घेतलं, यात त्याचा वाटा किती ते मला सांगता येणार नाही. माझ्या घराच्या पत्त्याचं त्याला भारी कौतुक. भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय गो बाय, तुमच्या इंद्रलोकात पानी आलं का टँकरनं?"

तर हा दादा तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेला. मी तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला एका तळ्याकाठी बसून तळलेला मासा खात होते. आणि मला कोणी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. माझा मुलगा जाणत होता, माझा नवरा जाणत होता, मुर्ध्यात तर सगळे जाणतच होते. मी एकटी तेवढी मजेत होते.

आमचा अमेय ह्यूस्टनला असतो. त्या वर्षी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. नातीच्या शाळेत माया लोकांवर काहीतरी प्रोजेक्ट होतं आणि तिला सुट्टी होती, म्हणून त्याने ठरवलं की सगळ्यांनी ग्वाटेमालाला जायचं. फ्लोरेस नावाचं तळ्यातलं गाव, आणि तिथून जवळ टिकाल, जंगलातलं हजारभर वर्षांपूर्वीचं ओसाड शहर. मला ही नावं ऐकूनही माहीत नव्हती. मी म्हटलं, आपल्या वसईच्या किल्ल्यात अजून मी धड फिरले नाहीये, ते सोडून कुठे जंगलात नेतोस? पण मनातून हरखले होते. मुंबईहून निघायच्या आधी दादाला भेटायला गेले होते. त्याच्या छातीत अधूनमधून कळ यायची, म्हणून माझा पाय निघेना. तर मलाच हसला. "जा गो बाय. मी हाय हितंच, कुठं पलतोय?"

फ्लोरेसला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गाव एवढंसं. एका लांब पुलासारख्या रस्त्याने जमिनीला जोडलेलं, बाकी सगळीकडे तळं. घरं पिवळी, निळी, गुलाबी. तळ्याचं पाणी वर चढलेलं, इतकं की काठचा रस्ता काही ठिकाणी पाण्यात गेला होता आणि रस्त्यावरचे दिवे पाण्यातच उभे होते. लोकांनी त्यावर उपाय काढला नव्हता, सवय करून घेतली होती. मुलं त्या बुडलेल्या रस्त्यावरून धावत येऊन तळ्यात उड्या मारत होती. आणि रिक्षा! अगदी आपल्या गोल्डन नेस्टच्या नाक्यावर उभ्या असतात तशाच, फक्त लाल. मला इतकं हसू आलं की मी रिक्षावाल्याला हिंदीतच विचारलं, "भैया, शेअर में जाएगा क्या?" तोही हसला. नात तर लोळायचीच बाकी होती.

काठावरच्या एका खानावळीत आम्ही बसलो. आत दोन बायका मक्याच्या भाकऱ्या हातावर थापत होत्या, टपटप, टपटप. आवाज थेट आमच्या ओसरीचा. तळ्यातला अख्खा मासा तळून आला, डोक्यासकट, वर लिंबू. आता मला मासा कसा खायचा हे शिकवायला नको. मी काट्याचमच्याला हात न लावता सुरुवात केली. सूर्य तळ्यावर टेकला होता, लालभडक, कारण हवेत धूर होता. तेवढ्यात अमेयचा फोन वाजला. तो उठून पाण्याच्या कडेला गेला. आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मग त्याने हात करून 'ह्यांना' बोलावलं. मी सुनेला म्हटलं, "बघ, बापलेकांचं काहीतरी गुपित चाललंय. माझा वाढदिवस तर नाही ना आज?"

दोघं परत आले. ह्यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, ॲसिडिटी झालीय. मी त्यांचाही मासा खाल्ला.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली की लोक म्हणतात, अहो, तुम्हाला कुठे ठाऊक होतं, तुमचा काय दोष? दोष नाहीच. मला दोषाबद्दल बोलायचंच नाहीये. आमच्या घरात भाऊ गेला की दहाव्यापर्यंत बहीण मासळीला शिवत नाही. आईने पाळलं, आत्याने पाळलं. मी काही फार सोवळ्यातली बाई नाही, पण एवढं मी पाळलं असतं. ते पाळणं माझं होतं. माझ्या दादासाठी मला करता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं, आणि तेही माझ्याकडून काढून घेतलं गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी टिकालला निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं भाजायला घेतली होती. मका पेरण्याआधी तिथले शेतकरी रान जाळतात. आपल्याकडे भाताआधी राब भाजतात तसंच. गाडीत धुराचा वास भरला आणि मला इतकं बरं वाटलं! मी खिडकी पूर्ण उघडली आणि म्हटलं, "अहो, आमच्या मुर्ध्याचा वास येतोय बघा. अगदी घरासारखा." ह्यांनी हात लांब करून खिडकी लावून टाकली. मी चिडले. धूर सोसत नाही तर मागे जाऊन बसा, मी म्हटलं. तिकडे तोवर अग्नी देऊन घरची माणसं परतली होती.

टिकालबद्दल मी काय सांगू? ते सुंदर आहे, आणि मला आता ते सुंदर म्हणवत नाही. आधी नुसतं जंगल. मग झाडांच्या मागून एकदम करडा दगड वर चढत जातो, इतका वर की मान दुखते. गवताच्या मोठ्या पटांगणाच्या दोन्ही टोकांना दोन देवळं समोरासमोर. वाटाड्या इंग्रजीतून सांगत होता, अमेय मला मराठीत करून देत होता. एका देवळाखाली राजाला पुरलंय. देवळाचं काम पुढे त्याच्या मुलाने पुरं केलं म्हणतात. मी अमेयला म्हटलं, "ऐकलंस का? बापासाठी एवढं बांधलं त्याने. तू माझ्यासाठी काय बांधणार? इंद्रलोकात टेरेसवर एक पत्र्याची शेड तरी घाल." तो हसला नाही. बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

झाडांमधून कसला तरी हंबरडा ऐकू आला. मला वाटलं वाघच. सून घाबरली, नात रडायच्या बेतात. तर ती माकडं निघाली, काळी, एवढीशी, पण घसा असा की जंगल हादरावं. मी लगेच दादाला निरोप बोलून पाठवला. मला टाइप करायचा कंटाळा, म्हणून मी नेहमी बोलूनच पाठवायचे. "दादा, अरे इथली माकडं आपल्या आत्यासारखी ओरडतात. लहान चण आणि आवाज केवढा! तू असतास तर हसून मेला असतास."

असं म्हणाले होते मी. शब्द हेच होते.

सगळ्यात उंच देवळाला बाजूने लाकडी जिना केलाय. अमेय म्हणाला, आई, गुडघे दुखतील, तू खाली थांब. मी मुर्ध्याच्या चिखलातून मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बाईची मुलगी, मला खाली थांब म्हणतो! मी चढले. धापा टाकत, कठडा धरत, पण चढले. हे मागून येत होते. माझ्या कोपराला हात लावून. लग्नाला इतकी वर्षं झाली, भर रस्त्यात या माणसाने कधी माझा हात धरला नव्हता. मला वाटलं, परदेशात आल्यावर सुधारले. वर पोचलो तर चहूकडे जंगल, आभाळाला टेकेपर्यंत, आणि त्यातून तीन देवळांची डोकी तेवढी वर आलेली. बाकी अख्खं शहर झाडांनी गिळलेलं. तिथे पूर्वी हजारो माणसं राहायची, बाजार भरायचे, मुलं शाळेला दांड्या मारायची असतील. मला खूप भरून आलं. मी म्हटलं, "अमेय, दादाला व्हिडिओ कॉल लाव. त्याला हे दाखवू."

"आई, तिकडे रात्र आहे."

"किती वाजलेत?"

"साडेनऊ."

दादा नवाला झोपतो, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, बरं, राहू दे, झोपू दे त्याला.

ही वेळांची गंमत त्यांच्या फार कामी आली. आपल्याकडे सकाळ तर तिकडे रात्र, आपल्याकडे जेवण तर तिकडे दात घासायची वेळ. मला ते घड्याळ कधीच नीट समजलं नाही, आणि त्यांनी ते समजावलंही नाही. मी निरोप पाठवत राहिले. दादाच्या फोनवरून उत्तर यायचं, पण लिहिलेलं. त्याचा मुलगा निलेश लिहायचा: "बाबा झोपलेत आत्या. उठले की ऐकवतो."

तिथल्या छोट्या संग्रहालयात एका कपाटापाशी वाटाड्या म्हणाला, या शहरात सगळं होतं पण मीठ नव्हतं. ते लांब समुद्राकाठाहून माणसांच्या पाठीवरून यायचं. झालं! मी आनंदाने तिथेच फोन काढला. "दादा, ऐक. एवढे मोठे राजे, एवढी देवळं, आणि यांना मीठ बाहेरून आणावं लागायचं. तू त्या काळात इथे आला असतास तर तुला राजाने शेजारी बसवलं असतं रे! मुर्ध्याचा शेठ म्हणाले असते." आणि मग मी हसले. त्या निरोपात मी बराच वेळ हसतेय. निलेशने तो पुसला नाही, माझ्याकडेही अजून आहे. ऐकायचं धाडस मात्र मला एकदाच झालं.

तिसऱ्या दिवशी आम्ही होडीने तळ्यात फिरलो. पाणी हिरवं, काठाला अगदी नितळ. ह्यांनी मला एक विणलेली शाल घेऊन दिली, लाल-जांभळी, पक्ष्यांची नक्षी असलेली. कोथिंबिरीच्या जुडीसाठी नवघरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करणारा हा माणूस, त्या बाईने सांगितला तो भाव देऊन मोकळा झाला. वाटेत एका कुंपणावरचं फूल तोडून नातीने माझ्या केसांत खोचलं. अमेय दर दहा मिनिटांनी, आई पाणी हवं का, आई थकलीस का, आई इथे बस. मला वाटलं, आपण किती भाग्यवान. मुलगा श्रावणबाळ निघाला, नवरा म्हातारपणी प्रेमात पडला. खरं सांगते, आयुष्यात माझे इतके लाड कधी झाले नव्हते. ते तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. मला जो राग येतो तो याचा येतो. दादाच्या मरणाच्या बदल्यात ते लाड मिळत होते, आणि मी ते हावरटासारखे घेत होते.

फोटो तर विचारूच नका. प्रत्येक फोटोत मी मधोमध, फूल माळलेली, तोंडभर हसणारी. माझ्या दोन्ही बाजूंना दोन पुरुष, आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे आता पाहिलं तर पोरसुद्धा सांगेल की यांच्या घरात काहीतरी झालंय. मला तेव्हा दिसलं नाही. मी माझंच हसणं बघत होते.

ह्यूस्टनला परतल्यावर अजून तीन आठवडे होते. मी दादाशी बोलायचं म्हणून हट्ट धरला. निलेशने कळवलं, बाबांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. मी त्याला खडसावलं, "औषधं कसली घेता? मिठाच्या गुळण्या करायला सांग. जन्मभर मीठ ओढलं आणि एवढं कळत नाही का त्याला?" निलेशने लिहिलं, "हो आत्या." त्या पोराची मला कीव येते. बापाचं दहावं-तेरावं करत होता आणि मधूनमधून माझ्यासाठी त्याच बापाचा घसा बरा करत होता.

मुंबईच्या विमानतळावर उतरलो. टॅक्सीत बसल्यावर हे ड्रायव्हरला म्हणाले, "भैया, पहले भाईंदर वेस्ट ले लो. मुर्धा." मला आनंद झाला. बॅगेत दादासाठी तिकडची कॉफी होती. काशिमिऱ्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ह्यांनी माझा हात धरला आणि समोर बघत म्हणाले, "दादा गेले."

मी विचारलं, "कधी?"

बायका अशा वेळी ओरडतात, ऊर बडवतात. मी 'कधी' विचारलं. का ते मलाही माहीत नाही. कदाचित त्या धरलेल्या हाताने मला आधीच सांगितलं असेल.

"आपण तळ्यावर होतो तेव्हा."

मग सिग्नल सुटला आणि भाईंदरच्या पुलापर्यंत मी तो प्रत्येक दिवस पुन्हा जगले. मासा, धूर, जिना, शाल, फूल. एकेक गोष्ट उलटून पाहिली, आणि प्रत्येकीच्या खाली दादा होता.

मुर्ध्याच्या घरात शिरले तर टीव्ही चालू होता, हळू आवाजात. भिंतीवर दादाचा फोटो, हार सुकलेला. वहिनी तांदूळ निवडत होती. मी दारातच बसकण मारली आणि जे काही आतून आलं ते येऊ दिलं. वहिनी उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेजारच्या दोघी आल्या, उभ्या राहिल्या, निघून गेल्या. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मला त्याचाच धक्का बसला. वहिनीला ते कळलं असावं. म्हणाली, "आमचं रडून झालं गो बाय. आता येत न्हाय."

एका घरात सगळ्यांनी एकदम रडायचं असतं. एकीला मागाहून एकटीने रडायला लावू नये. थोड्या वेळाने निलेशने चहा आणला, आणि चहा पिता पिता त्याच्या बायकोने सहज विचारलं, "ट्रिप कशी झाली आत्या?" वाईट हेतू नव्हता. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं.

शेवटचं पाणी तोंडात घालताना माझी पाळी कोणी घेतली, असं मी वहिनीला विचारलं. निलेशने तुझ्या नावानं घातलं, म्हणाली. मग तिने दहाव्याची गोष्ट सांगितली. खाडीच्या काठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. "सगली उभी ऱ्हायली उन्हात. पोरगा बोलला, तुजं समदं करीन. मी बोलले, घर सांभालीन. तरी न्हाय. मग निलेशनी फोन काडला न् तुजा आवाज लावला. त्यो मिठाचा. तू हासत व्हतीस. तुजं हासनं आयकला न् लगेच शिवला बग."

किती सुंदर गोष्ट आहे! संग्रहालयातल्या त्या बेशरम हसण्याला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. माझ्या हसण्याने माझा दादा सुटला. हे ऐकून माझं मन निवायला हवं होतं.

पण मी वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिच्या डोळ्यांत मला तेच दिसलं, जे तळ्याकाठी ताट सारताना ह्यांच्या डोळ्यांत असलं पाहिजे. माया. ओतप्रोत माया. बायला बरं वाटावं म्हणून तिने ही गोष्ट रचली असेल का? असेलही. नसेलही. निलेशला विचारलं तर तो म्हणाला, "हो आत्या." अगदी तसंच, जसं गुळण्यांच्या वेळी लिहिलं होतं. त्या दिवसापासून माझं हे असं झालंय. कोणी माझ्याशी प्रेमाने बोललं की मला वाटतं, हा काय लपवतोय? डॉक्टर हसला तरी मी त्याचा चेहरा वाचते. माझा दादा गेला ते मी कसंबसं सोसलं. पण माझ्या माणसांवरचा विश्वास गेला, तो काही परत येत नाही.

अमेयशी मी यावर एकदाच भांडले. त्याचं म्हणणं सरळ होतं. "आई, तू येऊन काय करणार होतीस? तिथून तीन विमानं बदलून यायला दोन दिवस लागले असते. तोवर सगळं झालं असतं. तुला नुसता त्रास."

"मग द्यायचा त्रास. माझा होता तो."

"आम्ही तुझ्या भल्यासाठीच केलं ना?"

त्याचं खोटं नव्हतं. आपल्याकडच्या घरांत सगळे असंच करतात. परीक्षेतल्या मुलाला आजी गेल्याचं सांगत नाहीत, बाळंतिणीला बाप गेल्याचं सांगत नाहीत, आजाऱ्याला त्याचा आजार सांगत नाहीत. मीसुद्धा याच रीतीत वाढले. पण तिच्या पलीकडच्या बाजूला उभं राहून बघायची पाळी माझ्यावर आली, आणि तिथून ती फार वेगळी दिसते. ह्यांना मी माफ केलंय का, असं मला बहिणीच्या मायेने शेजारीण विचारते. अजून नाही. रोज चहा करून देते, औषधं देते, पण ते नाही.

यंदाच्या मार्चमध्ये ह्यांच्याच छातीत दुखू लागलं. भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढले आणि दुसऱ्या मजल्यावर खाली बसले. दोन दिवस हॉस्पिटलात ठेवलं. तपासण्या झाल्या. नळ्यांत अडथळे आहेत, पुढच्या आठवड्यात काय ते करू, तोवर घरी विश्रांती, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्या आल्या ह्यांनी मला बजावलं, "अमेयला इतक्यात कळवू नकोस. नुकती नोकरी बदललीय त्याने. एकदा झालं की सांगू."

रविवारी संध्याकाळी अमेयचा व्हिडिओ कॉल आला. तिकडची सकाळ. मागे सून पोळ्या भाजत होती. "काय आई, सगळे बरे ना?" हे समोर सोफ्यावर बसले होते, फोनच्या कक्षेबाहेर. त्यांनी हाताने खुणा केल्या, नको, नको. मी त्यांच्याकडे बघतच बोलले. जिन्यापासून सुरुवात केली. हॉस्पिटल, तपासण्या, अडथळे, पुढचा आठवडा. वर्गात धडा शिकवताना सांगायचे तसं, एकही गोष्ट न गाळता. सुनेने गॅस बंद केलेला मला ऐकू आला.

अमेयने फोन तोंडाजवळ आणला. मग तो म्हणाला, "आई."

"बोल."

"खरं सांग. बाबा आहेत ना?"

"म्हणजे काय?"

"आहेत ना गं? तू मला हळूहळू सांगत नाहीयेस ना?"

"अरे, समोर बसलेत माझ्या. घरी आणलंय त्यांना."

"दाखव."

मी फोन वळवला. मार्चच्या उकाड्यात पायांवर चादर घेऊन बसलेल्या ह्यांनी ओशाळून हात वर केला.

"हात नको," अमेय म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "हा व्हिडिओ आत्ताचाच आहे कशावरून? बोलायला सांग त्यांना. माझं नाव घ्यायला सांग."

हे सरसावून बसले. तीन आठवडे माझ्याशी न अडखळता खोटं बोललेला माणूस, पण आता तोंड उघडलं तर घशातून शब्दच फुटेना. ओठ नुसते हलत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं. आणि फोनमधून माझा चाळिशीतला मुलगा हाका मारत सुटला होता, "बाबा? बाबा, बोला ना. बाबा?"